काचेकडे तोंड करून

भिंगरीचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि ते तिथंच राहिलं. सूतगिरणीत तिला कुणी त्या नावानं हाक मारली असती, तर तिनं मान वर करून पाहिलंही नसतं. तसंही कताई खात्यात हाक मारण्यात काही अर्थ नव्हता. सूत कातणारे वीस साचे, एकेका साच्यावर चारशे चात्या, आणि एकेक चाती मिनिटाला पंधरा हजार फेरे घेणारी. आठ हजार चात्यांच्या त्या घोंगावण्यात माणसाला स्वतःची शिंकसुद्धा ऐकू येत नाही.

म्हणून तिथल्या बाया ओठांनी बोलत. आवाज काढायचा नाही, ओठ तेवढे नीट हलवायचे. समोरची साच्यांमधल्या चार गल्ल्यांपलीकडून वाचणार, हसणार, आणि तिथूनच उलट टोला देणार. नवी मुलगी आली की तुटलेला धागा सांधायला ती सहा महिन्यांत शिके, पण ओठ वाचायला वर्ष जाई. एकदा वाचता यायला लागलं की मग सुटका नसे. बस थांब्यावर, दवाखान्यात, रस्त्यापलीकडच्या दुकानात, कुणी कुणाच्या कानात काय सांगतंय ते यांना आपोआप कळत राही. शेजारपाजारचे लोक गिरणीतल्या बायांना टरकून असत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

अशा ठिकाणी रीतभातही निराळीच. बाहेर पाठ फिरवणं म्हणजे अपमान. कताई खात्यात ती सभ्यता होती. एखादीला आपल्या घरचं दुखणं मैत्रिणीला सांगायचं असेल, तर ती बाकीच्यांकडे पाठ करून सांगे आणि कुणी वाकून बघत नसे. मात्र कुणी आपल्याशी बोलत असताना आपण पाठ फिरवली, तर त्याहून मोठा घाव नव्हता. तोंडावर दार आपटणं त्यापेक्षा बरं. नऊ नंबरवरच्या दोघी सख्ख्या बहिणी एकदा अशाच पाठमोऱ्या झाल्या, त्या चार वर्षं एका साच्याच्या दोन बाजूंना काम करत राहिल्या आणि एकमेकींचं तोंड पाहिलं नाही.

भिंगरी हे नाव तिला वन्संनी दिलं. वन्सं म्हणजे तिची थोरली नणंद, आणि खात्याची मुकादमही. खरं तर भिंगरी आधी गिरणीत आली, नणंद नंतर लाभली. एकोणीस वर्षांची, शाळेत दोनदा नापास झालेली, हिच्या हातून काही होणार नाही असं आईनं दहा जणांत सांगून टाकलेलं. वन्संनी तिला पहिल्या दिवशी साच्यासमोर उभं केलं. गुडघ्यानं चाती दाबून धरायची, बॉबिनवरचं टोक उचलायचं, वर रुळातून उतरणाऱ्या कापसाला नुसतं टेकवायचं. पीळ आपला आपण धागा जोडून घेतो. भिंगरीनं ते तिसऱ्याच दिवशी डोळे मिटून करून दाखवलं. दोन गल्ल्यांमधून ती अशी पळे की वन्संनी ओठ हलवून म्हटलं, "ही मुलगी आहे की भिंगरी?" सगळ्या खात्यानं ते वाचलं, आणि नाव पडलं ते पडलं.

दुसऱ्या वर्षी वन्संनी आपल्या धाकट्या भावाशी तिचं सूत जुळवलं. त्यासाठी त्यांनी भावाची महिनाभर अशी फिरकी घेतली की तो बिचारा लग्नाला हो म्हणूनच सुटला. भिंगरी त्यांना वन्सं म्हणू लागली, मग साच्यांवरच्या साऱ्या जणी म्हणू लागल्या, आणि एका बाईला पन्नास भावजया झाल्या. अशी सत्तावीस वर्षं गेली. भिंगरीच्या भोवती चात्या फिरल्या, दिवस फिरले, दोन मालक आणि पाच साहेब फिरले. फिरायचं राहिलं होतं ते तिचं डोकं.

तेही एका मंगळवारी फिरलं. सात नंबरच्या साच्यावर डाव्या हाताला वर टांगलेल्या बॉबिनकडे तिनं मान वळवली मात्र, आणि सगळं उलटंपालटं झालं. चाती इतक्या जोरात फिरते की डोळ्यांना ती उभीच दिसते. त्या दिवशी तिच्या डोळ्यांसमोर चात्या उभ्या होत्या आणि छत, दिवे, गल्ली, पायाखालची फरशी असं बाकीचं सगळं जग गरगर फिरत होतं. तिनं आधारासाठी हात टाकला. तो हात साच्याच्या फिरत्या पट्ट्यापासून वीतभर अंतरावर असताना कुणीतरी मनगट धरलं. वन्संच होत्या. त्यांचा चेहरा कापसासारखा पांढरा पडला होता.

डॉक्टरांनी तपासलं, मान अशी वळवा तशी वळवा केलं आणि सांगितलं की कानाच्या आतला तोल बिघडलाय. बरं होईल किंवा नाहीही, किती दिवस लागतील ते सांगता येणार नाही. काय काम करता म्हणून विचारलं. कळल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि फिरत्या यंत्राजवळ एक दिवसही उभं राहायचं नाही, असं कागदावर लिहून दिलं. तो कागद गिरणीत द्यायचा होता. भिंगरीनं तो चार घड्या घालून घरातल्या बटणांच्या डब्यात टाकला.

त्याआधी बस थांब्यावरच्या बाकावर तिनं वन्संना गाठलं होतं. साच्यावरून काढलं की पॅकिंगमध्ये बसवतात. खाली मान घालून सुताच्या शंकूसारख्या कोनांना कागद गुंडाळायचा. त्या खोलीला भिंगरी स्वतःच इतकी वर्षं मोडीतली खोली म्हणत आली होती, आणि तिथं बसलेल्यांकडे बघून तिला मनापासून भीती वाटायची. साच्यावर ती कुणीतरी होती. नव्या मुलींना तिचे हात बघायला आणून उभं करत. त्या गल्लीबाहेर ती कोण होती? दोनदा नापास झालेली, हातून काही न होणारी. तिनं वन्संचा हात धरला आणि म्हटलं, "हे तुमच्या माझ्यात राहू द्या. साहेबाला नाही, घरी नाही. शब्द द्या."

दोन बसगाड्या येऊन गेल्या. मग वन्सं म्हणाल्या, "बरं."

एवढ्याशा 'बरं'मध्ये काय दम असणार, पण भिंगरीनं तोच गाठीला बांधला.

पुढचा दीड महिना तिनं जो काही खटाटोप केला, त्याची आठवण आली तरी अंगावर काटा येतो. ती मान डावीकडे वळवायचीच नाही. सबंध अंगानं वळायची, शिपायासारखी. रात्री उशांच्या ढिगाऱ्याला टेकून बसल्या बसल्या झोपायची आणि नवऱ्याला सांगायची की छातीत जळजळतंय. वन्संनी गुपचूप साच्यांची वाटणी बदलून तिला अशी गल्ली दिली की जास्त काम उजव्या हाताला येईल. त्या दिवसातून वीस चकरा तिच्या बाजूनं मारत. भिंगरीला वाटलं, निभावलं.

मग एका संध्याकाळी, पाळी संपायला दहा मिनिटं असताना, पुन्हा गरगरलं. ती खाली बसली. उठताना कमरेशी हिसका बसला आणि एप्रनची नाडी मुळापासून उपटून गेली. फिरत्या चाकानं ती ओढून घेतली होती. नाडी जुनी होती म्हणून तुटली, नवी असती तर भिंगरीही तिच्यामागोमाग गेली असती. तिनं इकडं तिकडं बघितलं, कुणाचं लक्ष नव्हतं. तिनं एप्रनची गुंडाळी करून पिशवीत कोंबली, घरी जाताना कचऱ्यात टाकली आणि दुसऱ्या दिवशी नवा बांधून आली. नाडी मात्र साच्यातच राहिली होती, आणि सकाळी साफसफाई करताना चाकाभोवती गुंडाळलेली ती नाडी वन्संच्या हाताला लागली, हे तिला ठाऊक नव्हतं.

खात्याच्या टोकाला साहेबाची काचेची केबिन होती. तिथं आवाज पोचत नसे. नवा साहेब खात्याकडे पाठ करून बसायचा, कारण इतक्या चात्या बघितल्या की त्याला मळमळायचं. कताईचा साहेब आणि फिरतं काही बघवत नाही, यावर बाया पोट धरधरून हसत. वन्सं केबिनमध्ये गेल्या की कपाटाशी, भिंतीकडे तोंड करून उभ्या राहत. आतलं बोलणं आत राहावं म्हणून. सत्तावीस वर्षांत त्यांची ती जागा कधी बदलली नव्हती.

नाडी सापडली त्या दिवशी दहाच्या सुमाराला त्या आत गेल्या आणि कपाटाकडे गेल्याच नाहीत. टेबलाच्या पलीकडे, साहेबासमोर, सरळ काचेकडे तोंड करून उभ्या राहिल्या. भिंगरी चार नंबरवर होती, अगदी समोर. साहेबाचं नुसतं डोकं मागून दिसत होतं, त्यामुळे त्याचं बोलणं कळायचा प्रश्न नव्हता. वन्संचे ओठ स्वच्छ दिसत होते.

"माझ्या भावजयीला चक्कर येते," ओठ म्हणाले. "दीड महिना झाला. डॉक्टरांचा कागद आहे, तिनं दडवलाय. तिला आजच्या आज साच्यावरून काढा."

भिंगरीला आधी वाटलं, आपण चुकीचं वाचतोय. समोर एक धागा तुटला आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा तिचा हात वर गेला नाही. शेजारचा तुटला, त्याच्या शेजारचा तुटला, सुट्या कापसाचे पुंजके तोंडावर येऊन बसू लागले. ती नुसती उभी. जिनं हाताला धरून आणलं, नाव दिलं, घर दिलं, तिनंच शब्द फिरवला होता, आणि तोही सगळ्या खात्यादेखत. चक्कर आली तेव्हासुद्धा भिंगरी इतकी हादरली नव्हती. तिला पुढचं काही बघायचं नव्हतं. तिनं केबिनकडे पाठ फिरवली आणि तुटलेले धागे सांधायला घेतले. तीन, सात, अकरा. डोळ्यांतून पाणी गळत होतं, हात आपलं काम करत होते. अकरावा धागा सांधून ती वळली, तेव्हा केबिनमध्ये साहेब एकटाच होता.

पंधरा मिनिटांत साहेबाचा कागद आला. साचा दुसरीच्या ताब्यात द्यायचा आणि पुढचं कळेपर्यंत चहाच्या खोलीत बसायचं. गल्लीतून जाताना एकीनंही तिच्याकडे पाहिलं नाही. सगळ्या जणी चात्यांमध्ये डोकं घालून होत्या. कीव करतायत, असं वाटून भिंगरीचा जळफळाट झाला. चहाच्या खोलीतल्या बाकावर बसून ती वन्संना काय काय सुनवायचं याची जुळवाजुळव करू लागली. सत्तावीस वर्षांत त्यांच्यापुढे कधी एक शब्द जास्त बोलली नव्हती. आता मनातल्या मनात तिनं त्यांची सालटी काढली.

दुपारच्या सुट्टीत चष्मेवाली आली. ही पाच नंबरवर, भिंगरीच्या शेजारच्या गल्लीत काम करायची, आणि फटकळ म्हणून तिची ख्याती होती. आज मात्र ती बाकाच्या पार टोकाला बसली, चहा न पिता. मग तिनं तुटकपणे विचारलं की एवढं सगळं वाचूनही तुला असं वागावंसं वाटलं तरी कसं.

भिंगरी म्हणाली की वाचलं तेवढं पुरे झालं.

चष्मेवालीनं मान वर केली. "तेवढं म्हणजे? कुठपर्यंत वाचलंस?"

"साच्यावरून काढा म्हणाल्या, तिथपर्यंत. पुढं काय बघायचं होतं?"

चष्मेवालीनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. खोलीत आवाज नव्हता, तोंडानं बोलता आलं असतं, पण तिनं नुसते ओठ हलवले. तिला ते आवाजात सांगवेना.

गोष्ट लांब वेणीवालीची होती. ती सगळ्यांना आठवत होती. अकरा नंबरवरची. एकोणीस वर्षांपूर्वी साच्यानं तिचा उजवा हात कोपरापासून नेला. तिला मधूनच भान हरपायचं, ते तिनं सगळ्यांपासून लपवलं होतं, असं चौकशीत ठरलं, आणि दोष तिच्याच माथी गेला. भिंगरीला तो दिवस पाठ होता. त्यानंतर आठवडाभर वन्सं जेवल्या नव्हत्या, आणि भिंगरीनं त्यांना मायेची बाई म्हणून मनात आणखी वर बसवलं होतं.

"तिनं लपवलं नव्हतं," चष्मेवालीचे ओठ म्हणाले. "वन्संना सांगितलं होतं. शब्द घेतला होता, तू घेतलास तसाच. वन्संनी तो पाळला. हात गेला आणि चौकशीत त्या म्हणाल्या, मला काही ठाऊक नव्हतं. हे आज त्यांनी साहेबाला सांगितलं. आम्हा सगळ्यांना दिसेल असं."

भिंगरीच्या हातातला कप खाली पडला नाही, पण तो तिनं कधी बाकावर ठेवला तेही तिला कळलं नाही. एकोणीस वर्षं. एका घरात उठणं बसणं, एका डब्यातलं खाणं, आणि पोटात हे. ज्या बाईच्या शब्दावर तिनं सगळं सोपवलं, त्याच शब्दानं एका मुलीचा हात खाल्ला होता. रागवावं की रडावं, तिला कळेना.

चष्मेवाली पुढं सांगत गेली. साहेबाची मान मागून लालबुंद झालेली सगळ्यांनी पाहिली. त्यानं वन्संकडून ते लिहून घेतलं. वन्संनी सही केली आणि मुकादमाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, ती तिथंच संपली. मग त्या साहेबाला वळसा घालून काचेला अगदी नाक लागेल इतक्या जवळ आल्या. चार नंबरकडे बघत, एकेक अक्षर सुटं करत, लहान मुलाला सांगावं तसं त्या बोलल्या.

"भिंगरे, शब्द मोडला. पण तुझ्या तोंडावर मोडलाय, पाठीमागं नाही. आता तू काय म्हणशील ते म्हण."

"आणि थांबल्या," चष्मेवाली म्हणाली, या वेळी आवाजात. "केवढा वेळ थांबल्या. तू पाठ करून धागे सांधत होतीस. आम्हाला वाटलं, सगळं वाचून मुद्दाम फिरवलीस."

"आणि वन्संना?"

"त्यांनाही तेच. तुझ्या पाठीकडं बघून त्या निघून गेल्या."

भिंगरीला पुन्हा गरगरल्यासारखं झालं, मान जागच्या जागी असूनही. त्या आठ हजार चात्यांच्या खात्यात जे एकटीसाठी बोललं गेलं, ते पन्नास जणींनी वाचलं होतं, आणि जिच्यासाठी होतं तिनंच नव्हतं. तिनं साहेबासाठी निरोप ठेवला, पिशवी उचलली आणि निघाली. बसमध्ये गर्दी नव्हती, तरी ती उभीच राहिली. बसली असती तर हुंदका आला असता, असं तिनं पुढं सांगितलं.

वन्सं भिंगरीच्याच घराच्या खालच्या मजल्यावर एकट्या राहत. भिंगरी आधी दोनदा जाऊन आली, कुलूप होतं. कुठं गेल्या होत्या ते कळलं नाही. आभाळ अंधारून दिवे लागले तेव्हा दाराखाली उजेड दिसला. दार लोटलेलं होतं. वन्सं स्वयंपाकघरात, दाराकडे पाठ करून, मोरीशी भांडी घासत होत्या. नळ वाहत होता.

"वन्सं," भिंगरीनं हाक मारली. मग आणखी मोठ्यानं मारली. चौतीस वर्षं साच्यांमध्ये काढलेल्या कानांना ती पोचली नाही. किंवा पोचली असेल. पाठ वळली नाही.

भिंगरी त्यांच्यामागं दोन हातांवर जाऊन उभी राहिली. खांद्याला हात लावायचा धीर होईना. पुढून जावं तर मोरी भिंतीला लागून, वर खिडकी. बाहेर काळोख, आत दिवा. खिडकीच्या काचेत वन्संचा चेहरा दिसत होता आणि त्यांच्या खांद्यावरून तिचा स्वतःचा. काचेतल्या वन्संचे डोळे तिच्यावरच होते. कधीपासून होते कुणास ठाऊक.

सांगायचं खूप होतं. राग होता, तो गेला नव्हता. वेणीवालीबद्दल विचारायचं होतं, आणि उत्तराची धास्ती होती. पण त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी होती. तिनं काचेकडे तोंड करून, आवाज न काढता, ओठ नीट हलवले.

"मी अर्धंच वाचलं. त्याच्या आधीच पाठ फिरवली. पुढचं मला दिसलंच नाही."

वन्संचे हात पाण्यात थांबले. त्या वळल्या नाहीत. मग काचेतले ओठ हलले.

"मग पहिल्यापासून सांगते. त्या मुलीचंही सांगते. बघवेल तुला?"

काच उंचावर होती, आणि थोडी डावीकडे. ओठ नीट दिसावेत म्हणून भिंगरीनं मान वर केली, डावीकडे वळवली, आणि व्हायचं तेच झालं. मोरी, भांडी, दिवा, सगळं स्वयंपाकघर सावकाश फिरू लागलं, मग जोरात. तिनं चाचपडत वन्संचा ओला हात पकडला. डोळे मिटले असते तर बरं वाटलं असतं, डॉक्टरांनीही तसंच सांगितलं होतं. तिनं मिटले नाहीत. त्या सगळ्या गरगरण्याच्या मधोमध काचेत ओठ हलत होते, आणि या खेपेला ती ते शेवटपर्यंत वाचत राहिली.